फियाटचे गोत्र

माणसाला आपले कुळ सांगण्याची हौस असते, आणि घरातल्या वस्तूंना कुळ चिकटवण्याची हौस त्याहून मोठी असते. माळ्यावरचे तांब्याचे घंगाळ पेशव्यांच्या स्वारीतले असते. भिंतीवरची गंजलेली तलवार हटकून रायगडावरून आलेली असते. आमच्या महाड-पोलादपूरच्या बाजूला तर रायगड इतका जवळ, की तलवार तिथून आली नाही असे म्हणण्याचीच चोरी! गेल्या साठ-सत्तर वर्षांत या यादीत आणखी एका वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे मोटारीचे इंजिन.

कोकणातल्या आमच्या पिढीने मोटार पाहिली ती बहुतेक फियाटच्या रूपाने. गणपतीच्या आदल्या दिवशी मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी गावात शिरायची. टपावरच्या कॅरिअरला ट्रंका, वळकट्या आणि कधी मखराच्या पट्ट्या बांधलेल्या असायच्या. आत सात-आठ माणसे, आणि हँडललाच बसवलेला गिअर ओढणारा, रात्रभर न झोपलेला चाकरमानी. ज्यांना खाली खेड-चिपळुणाकडे जायचे ते पोलादपुराला चहा घेत आणि कशेडीचा घाट चढताना एखाद्या वळणावर बॉनेट उघडून रेडिएटरला पाणी पाजत. त्या धापा टाकणाऱ्या गाडीकडे बघून कोणी म्हणाले असते, की हिचे सख्खे चुलतभाऊ जगातल्या मोठमोठ्या शर्यतींत धावले आहेत, तर आम्ही हसलो असतो. पण ती गोष्ट खरी आहे. आणि खरी असल्यामुळेच ती फार जपून सांगावी लागते. कारण घराणे शर्यतीचे असले, तरी घराण्यातला प्रत्येक मुलगा काही पैलवान नसतो.

हे घराणे सुरू होते इटलीतल्या तुरीन शहरी, १९३७ साली. फियाट कंपनीने त्या वर्षी '५०८ सी' नावाची छोटी गाडी काढली. तिच्या आखणीत दान्ते जाकोसा या तरुण अभियंत्याचा मोठा वाटा होता. गाडी मध्यमवर्गीयांची, इंजिन चार सिलिंडरचे. सिलिंडरचा व्यास, म्हणजे आपले मिस्तरी ज्याला बोअर म्हणतात तो, ६८ मिलिमीटर. पिस्टनची वर-खाली धाव, म्हणजे स्ट्रोक, ७५ मिलिमीटर. चारही सिलिंडरांचे आकारमान धरले तर १०८९ सी.सी. शक्ती ३२ अश्वांची. हे ६८ आणि ७५ आकडे वाचकांनी ध्यानात ठेवावेत. पुढची सगळी कथा त्यांच्याभोवती फिरते.

त्या काळी युरोपात सहनशक्तीच्या शर्यतींचे वेड होते. फ्रान्समध्ये ल मां येथे १९२३ पासून चोवीस तासांची शर्यत होत असे. इटलीत १९२७ साली 'मिले मिलिया' सुरू झाली. नावाचा अर्थ सरळ 'हजार मैल'. ब्रेश्या शहरातून निघायचे, रोमपर्यंत जायचे आणि परत ब्रेश्याला यायचे. सुमारे सोळाशे किलोमीटर, आणि तेही बांधीव धावपट्टीवर नव्हे, तर गावे, पूल, घाट असलेल्या रोजच्या रस्त्यांवर. अशा शर्यतीत नुसता वेग कामाचा नसतो. पहिल्या तासाला जे इंजिन होते तेच शेवटच्या तासाला शिल्लक राहावे लागते. शिवाय लहान इंजिनांना मोठ्यांबरोबर तोलणे अन्यायाचे, म्हणून आकारमानाप्रमाणे वर्ग पाडलेले. त्यांत ११०० सी.सी.पर्यंतचा एक वर्ग असे. १०८९ हा आकडा त्या उंबरठ्याच्या अगदी आत, अकरा सी.सी. राखून बसणारा!

मग व्हायचे तेच झाले. १९३८ साली फियाटनेच ५०८ सी. ला निमुळते, वाऱ्याला कापणारे अंग चढवले, इंजिनाची शक्ती ४२ अश्वांवर नेली आणि शर्यतीच्या नावावरून तिला 'एम.एम.' म्हटले. फ्रान्समध्ये सिम्का कंपनी हीच गाडी परवान्याखाली 'सिम्का ८' म्हणून बनवीत होती. आमेदे गॉर्दिनी नावाच्या कसबी माणसाने तिच्या इंजिनावर हात फिरवला आणि १९३९ च्या ल मां शर्यतीत ती चोवीस तास धावून आपल्या वर्गात पहिली आली.

याहून गमतीची गोष्ट पुढच्या वर्षीची. एन्झो फेरारी यांनी आल्फा रोमिओ कंपनी सोडली, तेव्हा चार वर्षे स्वतःच्या नावाने शर्यतीत उतरायचे नाही, असे त्यांच्यावर बंधन होते. म्हणून त्यांनी मोदेना येथे वेगळ्याच नावाची कंपनी काढून '८१५' नावाची गाडी बांधली. आठ सिलिंडर, दीड लिटर, म्हणून ८१५. या इंजिनाची डोकी, म्हणजे सिलिंडर हेड, कुठून आणली? फियाट ५०८ सी.ची दोन हेड ओळीने ठेवून! खालचा ब्लॉक तेवढा नवा ओतला. २८ एप्रिल १९४० रोजी ब्रेश्याच्या शर्यतीत अशा दोन गाड्या उतरल्या आणि दोन्ही वाटेत बंद पडल्या. पण फेरारी यांनी स्वतः बांधलेल्या पहिल्या गाडीच्या डोक्यात फियाटचे डोके होते, ही गोष्ट इतिहासात राहिली.

महायुद्धानंतर पिएरो दुसिओ या तुरीनच्या उद्योगपतीने याच इंजिनाभोवती 'चिसितालिया' गाड्या रचल्या. १९४७ च्या मिले मिलियात तात्सिओ नुव्होलारी हा चोपन्न वर्षांचा, प्रकृतीने खचलेला, पण नावाने दंतकथा झालेला चालक अशी एक उघडी चिसितालिया घेऊन निघाला. धो-धो पाऊस पडला, इंजिनात पाणी जाऊन वेळ मोडला, तरीही तो दुसरा आला. पुढे होती एक आल्फा रोमिओ, तिचे इंजिन जवळजवळ तिप्पट मोठे. पुढच्याच वर्षी, १९४८ साली, फियाटच्या ५१ अश्वशक्तीच्या '११०० एस' गाड्यांनी त्याच शर्यतीत दुसरा, तिसरा आणि चौथा असे तीन क्रमांक पटकावले. पहिली आली ती दोन लिटरची फेरारी. बोअर ६८, स्ट्रोक ७५, आकडे तेच.

१९५३ साली फियाटने गाडीचे अंग पार बदलून '११०० / १०३' काढली. साधी ३६ अश्वांची, आणि वेगवान प्रवासासाठी सुमारे ५० अश्वांची 'टी.व्ही.'. हे टी.व्ही. म्हणजे दूरदर्शन नव्हे. 'तुरिस्मो व्हेलोचे', म्हणजे जलद सहल. अनेक हौशी चालक या टी.व्ही. घेऊन मिले मिलियात उतरत. १९५७ च्या शर्यतीत एक फेरारी प्रेक्षकांत घुसून मुलांसकट अनेक जीव गेले आणि ती शर्यत कायमची थांबली.

आता आपण कुर्ल्याला येऊ. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापली. कुर्ल्याच्या कारखान्यातून प्रथम अमेरिकन बनावटीच्या मोठ्या मोटारी जुळवून बाहेर पडू लागल्या. पुढे फियाटशी करार झाला आणि १९५४ पासून ही ११०० आपल्याकडे आली. वालचंद शेठजी त्याआधी वर्षभर, १९५३ साली, निवर्तले होते. गाडीची रूपे पालटत गेली. १९६४ साली 'डिलाइट' आली. पुढे करार संपल्यावर फियाट हे नावही गेले. आधी 'प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'पद्मिनी'. इटलीत १९६२ साली याच इंजिनाचा बोअर ७२ करून ते १२२१ सी.सी. झाले होते. कुर्ल्याने मात्र १०८९ सोडले नाही. नाव राणीचे, पण आतले हृदय मात्र १९३७ च्या त्या मध्यमवर्गीय इटालियन गाडीचेच.

एवढा इतिहास माहीत असलेल्या, किंवा अर्धवट ऐकलेल्या, कोणालाही मोह होणार. 'आमच्या गाडीत शर्यतीचे इंजिन आहे!' हे वाक्य मी आयुष्यात अनेकांच्या तोंडून ऐकले. त्यांतले एक आमच्या घरातले होते, म्हणून ते तपासण्याची पाळी माझ्यावर आली.

आमचे गाव सव. सावित्रीच्या काठी, ऊन पाण्याच्या झऱ्यांचे गाव. माझे चुलते अण्णा मुंबईत टॅक्सी चालवीत. १९७० नंतर कधीतरी त्यांच्या गाडीचे मूळचे इंजिन बसले, तेव्हा त्यांनी कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून दुसरे आणून घातले. विकणाऱ्याने सांगितले, "हे रेसचं इंजिन आहे, इटलीचं." अण्णांनी विश्वास ठेवला आणि तो शेवटपर्यंत सोडला नाही. दावा अगदीच हास्यास्पद होता असेही नाही. मद्रासजवळ शोलावरम येथे, महायुद्धातल्या विमानांसाठी केलेल्या धावपट्टीवर, शर्यती होत आणि तिथे आपल्याकडचे हौशी लोक फियाट ११०० सुधारून पळवीत. तसले एखादे इंजिन थकून भंगारात येणे अशक्य नव्हते.

टॅक्सी सोडल्यावर अण्णा गाडी गावी घेऊन आले. ते गेले, गाडी पडवीत ताडपत्रीखाली राहिली. २०२१ च्या जुलैत महाडला महापूर आला, सावित्रीचे पाणी आमच्याही अंगणात चढले. काकींच्या घराचे छप्पर खचले, कागदांची ट्रंक गेली आणि इंजिनावर बोटभर गाळ बसला. त्यानंतर पुण्याहून जुन्या मोटारींचे शौकीन असलेले एक गृहस्थ आले. त्यांनी गाडीची एक किंमत सांगितली; आणि इंजिन खरोखर शर्यतीच्या जातीचे असेल, तर तिप्पट. अट एकच. माझा जन्म यंत्रशाळेत मापे तपासण्यात गेला होता, तेव्हा मी तसे लिहून द्यावे. "साहेब, एवढं दोन ओळींचं तर काम आहे," ते म्हणाले. त्या दोन ओळींत काकींचे छप्पर होते.

मी म्हटले, इंजिन उघडल्याशिवाय मी काही लिहिणार नाही. महाडचा एक ओळखीचा मिस्तरी बोलावला आणि आम्ही दोघे बसलो.

महाडजवळ गांधारपाल्याची लेणी आहेत. तिथल्या भिंतीवर ब्राह्मी लेख कोरलेला आहे. त्याचा काळ ठरवताना अभ्यासक गावकऱ्यांनी सांगितलेली आख्यायिका विचारात घेतात, पण विश्वास ठेवतात तो अक्षरांच्या वळणावर. इंजिनाचेही तसेच आहे. मालक काय सांगतो ते ऐकून घ्यावे आणि मग लोखंडाला विचारावे.

पहिला साक्षीदार नंबर. फियाटच्या ब्लॉकवर इंजिनाच्या जातीचा आकडा ठोकलेला असतो. ५०८ सी.चा '१०८ सी', १९५३ नंतरच्या घराण्याचा '१०३', आणि त्यापुढे पोटजातीचे चिन्ह. ब्लॉक ओततानाच उठलेली ओतीव अक्षरे वेगळी आणि नंतर पंचाने ठोकलेले आकडे वेगळे. ओतीव अक्षर सहसा खोटे नसते, ठोकलेला आकडा घासून पुन्हा ठोकता येतो. आमच्या ब्लॉकवर गाळ खरवडून पाहिले, तर १, ० आणि ३ स्वच्छ दिसले. त्यापुढचा भाग गंजाने खाल्ला होता. म्हणजे घराणे कळले, पण कोणता मुलगा ते कळले नाही! शिलालेखातही नेमके राजाचे नाव असते तिथलाच टवका उडालेला असतो, तसे झाले.

दुसरा साक्षीदार बोअर. नंबर खोटा ठोकता येतो, पण भोकाला खोटे बोलता येत नाही. व्यासाचा वर्ग, त्याला पाऊण आणि थोडे अधिक, म्हणजे ०.७८५४ ने गुणायचे. मग स्ट्रोकने आणि सिलिंडरांच्या संख्येने. ६८ आणि ७५ असेल तर १०८९. ७२ असेल तर इटलीचे १२२१. आमच्या इंजिनात भरले ६८.८. पिस्टनच्या माथ्यावरही ०.८ असा शिक्का होता. याचा अर्थ कोणत्याही मोटार-मिस्तऱ्याला सांगावा लागत नाही. सिलिंडर झिजला, की लेथवाल्याकडे नेऊन तो थोडा मोठा कोरून घ्यायचा आणि जाड पिस्टन घालायचे. ०.८ पर्यंत पोचलेले इंजिन बहुधा एकदा नव्हे, दोनदा झिजलेले असते.

आता हिशेब करा. ६८.८ ने आकारमान होते १११५ सी.सी. शर्यतीच्या वर्गाची मर्यादा ११००. मी कागदावर मांडून पाहिले, की ७५ चा स्ट्रोक कायम ठेवून ११०० च्या आत राहायचे, तर बोअर ६८.३ च्या पुढे नेता येत नाही. ०.४ चे पहिले जाड पिस्टन घातले तरी ११०२ होतात आणि इंजिन वर्गाबाहेर जाते. म्हणजे शर्यतीच्या इंजिनाला झिजून पुन्हा कोरून घेण्याची फारशी मुभाच नसते. टॅक्सीच्या इंजिनाला असते. आमचे इंजिन पूर्वी काहीही असो, आज ते त्या वर्गात उभेही राहू शकले नसते.

तिसरा साक्षीदार हेडमधली पोकळी. पिस्टन अगदी वर आला असताना जी जागा उरते, ती जितकी लहान तितका दाब जास्त आणि तितका जोर अधिक. साध्या १०३ मध्ये हे दाबाचे प्रमाण ६.७ होते, टी.व्ही. मध्ये ७.६. एका सिलिंडरचे आकारमान २७२ सी.सी. धरले, तर साध्या इंजिनात वरची पोकळी सुमारे ४८ सी.सी. आणि टी.व्ही. मध्ये सुमारे ४१ येते. फरक साडेसहा सी.सी.चा. चहाच्या चमच्यात पाच मावतात. म्हणजे गणपतीला माणसे वाहणारी गाडी आणि मिले मिलियात उतरणारी गाडी यांच्यात प्रत्येक सिलिंडरमागे सव्वा चमच्याचे अंतर! हेड उलटे ठेवून, वर भोक पाडलेली काच बसवून, औषधाच्या सिरिंजने पातळ तेल भरत गेलो. गॅस्केटची जाडी धरून ४८ भरले. मोठा झालेला बोअर हिशेबात घेतला, तरी प्रमाण ६.८ च्या वर गेले नाही. हेड साधे होते, आणि जोर वाढवण्यासाठी कोणी ते घासून पातळ केल्याचीही खूण नव्हती.

चौथा साक्षीदार कार्बुरेटर. टी.व्ही. ला वेबरचा दोन नळ्यांचा असे. आमच्याकडे एका नळीचा. पण कार्बुरेटर हा सर्वांत कच्चा साक्षीदार. तो चार बोल्ट काढून बदलता येतो, म्हणून त्याच्या खालचा मॅनिफोल्ड पाहावा. तोही एका नळीचाच होता.

पाचवा साक्षीदार तेलाचा. चिसितालियासारख्या खऱ्या शर्यतीच्या गाड्यांत तेल इंजिनाखालच्या चेंबरमध्ये साठवत नाहीत. वेगळ्या टाकीत ठेवून पंपाने खेळवतात. कारण वेगात वळण घेताना चेंबरमधले तेल एका बाजूला उसळते, पंपाच्या तोंडाशी हवा येते आणि बेअरिंगे कोरडी पडून जळतात. कशेडीच्या वळणांवर अण्णांच्या टॅक्सीला ही भीती नव्हती. तिचा वेगच तेवढा नव्हता. आमचे चेंबर साधे, पत्र्याचे, दगड लागून दोन ठिकाणी चेपलेले होते.

पाचही साक्षी झाल्या. लोखंडाने जे सांगितले ते एवढेच, की आज हे इंजिन साधे आहे. पन्नास वर्षांपूर्वी याच ब्लॉकवर कोणी शर्यतीचे हेड चढवले होते का, हे ब्लॉक सांगू शकत नाही. कारण साध्या आणि शर्यतीच्या इंजिनांची मापे मुळात एकच. जे पुराव्याने दिसत नाही ते 'नसेलच' असे म्हणू नये. पण 'असेल' म्हणून त्याचे पैसेही घेऊ नयेत.

काकी सगळा वेळ पायरीवर बसून पाहत होत्या. मी हात पुसत उठलो, तेव्हा त्यांनी विचारले, "म्हणजे हे खोटं बोलले का रे आयुष्यभर?"

मी म्हटले, "अण्णा खोटं नाही बोलले. त्यांना जे सांगितलं गेलं तेच ते सांगत होते. घराणं रेसचंच आहे."

"पण रेस म्हणजे असतं काय?"

मी सांगितले, की हजार मैल न थांबता धावायचे.

"हजार मैल म्हणजे? इथून मुंबई किती वेळा?"

मी अंदाज केला. "नऊ वेळा. जाऊन-येऊन धरलं तर साडेचार वेळा."

त्या थोड्या वेळाने म्हणाल्या, "मग साडेचार गणपतींची एक रेस. ह्यांनी तीस गणपती केले. तू लिहायचं तर ते लिही."

मी कागदावर लिहिले: घराणे १०३; बोअर ६८.८, आकारमान १११५ सी.सी.; हेड, मॅनिफोल्ड आणि चेंबर साधे; शर्यतीच्या जातीचा पुरावा नाही. पुण्याचे गृहस्थ कागद वाचून सौजन्याने हसले आणि पहिली किंमतही मागे घेऊन गेले. छपराचे काम एका पावसाळ्याऐवजी दोन पावसाळे चालले. गाडी पडवीतच आहे.

परंतु काकींच्या हिशेबाने मला एक नवी दिशा दिली. गणपतीच्या फेऱ्या सोडा. टॅक्सीचे रोजचे धावणे घ्या. दिवसाला शंभर किलोमीटर धरले, तर सोळा दिवसांत एक मिले मिलिया पुरी होते. वर्षाचे तीनशे दिवस आणि वीस वर्षे धरली, तर सहा लाख किलोमीटर, म्हणजे पावणेचारशे मिले मिलिया. तेही ट्राफिकमध्ये, मे महिन्याच्या उन्हात, आषाढाच्या पाण्यात, पहिल्या गिअरवर. शर्यतीच्या इंजिनाला एक दिवस टिकण्यासाठी पन्नास अश्व दिले. याला वीस वर्षे टिकण्यासाठी कमी दाब दिला. सव्वा चमच्याची ती जास्त पोकळी म्हणजे दुबळेपणा नव्हता. हलक्या दर्जाच्या पेट्रोलवरही ठोके न देता, पिस्टन न जाळता चालत राहण्याची ती तजवीज होती. सहनशक्तीच्या शर्यतीचे म्हणून एखादे इंजिन ओळखायचे असेल, तर सिलिंडरच्या भिंतीवरची ०.८ ही झीज मला तरी वेबरच्या दोन नळ्यांपेक्षा बोलकी वाटते.

पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईत ताडदेवच्या कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर ती जात मुंबईच्या रस्त्यांवरून उठली. चिसितालिया न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात जाऊन बसली आहे. तिच्या काळ्या-पिवळ्या भावंडांपैकी बहुतेक भंगारात गेली आणि उरलेली कोकणातल्या, घाटावरच्या पडव्यांत ताडपत्रीखाली आहेत. जे हेड बदलले त्याचे बिल नाही, जे इंजिन चढवले त्याची नोंद नाही, आणि सांगणारी माणसे एकेक करून जात आहेत.

म्हणून वाचकांना एक विनंती. घरात अशी एखादी गाडी उभी असेल, तर खंडेनवमीला तिची पूजा करता तेव्हा झेंडूची माळ घालण्याआधी ब्लॉकवरचा नंबर कापडाने पुसून वहीत उतरवून ठेवा. कधी हेड उतरवावे लागले, तर मिस्तऱ्याकडून बोअरचे माप लिहून घ्या. इंजिन कोणत्या साली, कोठून आणले, किती वेळा कोरले, ती गाडी कोणी चालवली आणि कोणकोणत्या घाटांतून नेली, हेही त्याच पानावर लिहा. रायगडावरच्या तलवारीसारखी एखादी आख्यायिका घरात चालत आली असेल, तर तीही खुशाल लिहा. फक्त तिच्यासमोर 'ऐकीव' असा शब्द घाला. आमच्या वहीत अण्णांचे 'रेसचं इंजिन' तसेच लिहिले आहे, आणि त्याच्या खाली काकींच्या सांगण्यावरून: तीस गणपती.